यंत्राला शंका शिकवताना

कळमनुरीत तहसीलच्या रस्त्याला माझं एका खोलीचं ऑफिस आहे. पाटीवर 'जुन्या कागदपत्रांचे वाचन व भाषांतर' असं लिहिलेलं आहे. वडील अर्जनवीस होते, लोकांचे अर्ज आणि दावे लिहून द्यायचे. त्यांच्यामागं मी त्या खुर्चीत बसले तोवर अर्ज लिहून घेणारे कमी झाले होते, पण निजामाच्या काळातले कागद वाचून घेणारे वाढत चालले होते. आमच्या भागातला तेव्हाचा महसुली कारभार उर्दूत चालायचा. कोणतं शेत कोणाच्या नावावर होतं, कोण कोणाचा मुलगा, हे सगळं त्या कागदांत आहे. घराघरांतून ते लोकांना हवं असतं आणि वाचता कोणालाच येत नाही.

खरं सांगायचं तर मलाही येत नाही. छापील उर्दू मी अडखळत वाचते. पटवाऱ्यांचं आणि कारकुनांचं भरभर लिहिलेलं, नुक्ते म्हणजे अक्षरांचे ठिपके गाळलेलं, एका शब्दाचं शेपूट दुसऱ्यात अडकलेलं अक्षर वाचायचे ते चाचा.

चाचा म्हणजे वडिलांचे स्नेही. उर्दू शाळेत चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले. त्यांचे वडील जुन्या दफ्तरात कारकून होते, त्यामुळं ते अक्षर चाचांनी लहानपणी घरीच बघितलेलं. रोज सकाळी दहाला ते ऑफिसात येत, खिडकीशी बसत, कागद जरा तिरपा धरत आणि आधी स्वतःशी उर्दूत वाचून मग मला मराठीत सांगत. मी टाईप करत असे. शेवटी भाषांतराखाली सही माझी असे, कारण नोंदणी माझ्या नावावर आहे. पण त्या सहीत सगळा भरवसा चाचांच्या डोळ्यांचा होता.

आणि डोळेच थकले. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचा पडदा खराब झाल्याचं नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं. दिवसात तासाभरापेक्षा जास्त बारीक वाचायचं नाही, असं बजावून पाठवलं. इकडं कपाटात कागदांचे गठ्ठे वाढत होते. लोक औंढ्याहून, सेनगावाहून यायचे, बाकावर बसायचे आणि मी त्यांना पुढच्या महिन्याची वेळ द्यायचे. दुसरं वाचणारं माणूस मी वर्षभर शोधलं. जे होते ते चाचांच्याच वयाचे होते.

माझी भाची, म्हणजे बहिणीची मुलगी, आखाडा बाळापूरला राहते आणि घरी बसून पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. तिनं सांगितलं की हस्ताक्षर वाचणारी एआय सॉफ्टवेअर आता मिळतात आणि हैदराबादची एक कंपनी उर्दूसाठी तसं, भाषांतरही करून देणारं, विकते. मी त्यांना फोन केला. त्यांचा माणूस नांदेडला येणार होता, तिथून येतो म्हणाला. मी त्याला शुक्रवारी दुपारची वेळ दिली.

ही वेळ मी मुद्दाम निवडली होती. शुक्रवारी चाचा जुम्म्याच्या नमाजला जात आणि तिथून परस्पर घरी जात. त्यांच्या जागी बसवायचं यंत्र त्यांच्यासमोर बघायला माझं मन धजत नव्हतं. पण त्या दिवशी चष्म्याचं घर विसरलं म्हणून ते परत आले आणि दारातच थांबले. टेबलावर टॅबलेट, त्यावर कागदाचा फोटो, शेजारी भराभर उमटत चाललेली उर्दू अक्षरं. मला कुठं बघावं कळेना.

चाचा आत आले, माझ्याकडं न बघता त्या माणसाशेजारी बसले आणि त्यांनी अजून एक कागद लावायला सांगितला. मग अजून एक. पहिले दोन्ही छापील होते, जुने सरकारी हुकूम. यंत्रानं ते डोळ्याची पापणी लवायच्या आत वाचले आणि सगळं बराबर वाचलं. चाचा किती तरी वेळ त्या पडद्याकडं बघत राहिले. हलक्या आवाजात "सुब्हानल्लाह" म्हणाले. मला वाटलं होतं ते दुखावतील. त्यांच्या तोंडावर एखादं लेकरू पहिल्यांदा अख्खी ओळ वाचून दाखवतं तेव्हा मास्तरांच्या तोंडावर येतं तसं काहीतरी होतं.

मग त्यांनी गठ्ठ्यातून एक पटवाऱ्याचा कागद काढून दिला. यंत्रानं तोही तितक्याच झपाट्यानं वाचला. वाक्यं सुरेख होती. चाचांनी वाचून बघितलं आणि हसले. म्हणाले, "भाषा चांगली आहे याची. कागदात मात्र हे न्हाई."

कंपनीचा माणूस सरळ होता. त्यानं कबूल केलं की असं अक्षर त्यांच्या यंत्रानं फार बघितलेलं नाही. महिनाभर वापरून बघा, मग ठरवा, असं म्हणून तो गेला. तो गेल्यावर मी चाचांची माफी मागायला लागले. त्यांनी हात हलवला आणि चष्म्याचं घर कुठं ठेवलंय ते विचारलं.

त्या महिन्यात मी आणि भाचीनं एक काम केलं. आमच्याकडं आधीच्या सगळ्या कामांच्या झेरॉक्स आणि भाषांतरं ठेवलेली आहेत. चाचांनी पूर्वी वाचलेले कागद आम्ही त्या यंत्राला दिले आणि दोन्ही वाचनं शेजारी ठेवून बघितली. चुका साध्या नव्हत्या. आमच्याकडं माळ म्हणजे चढाची, मुरमाड जमीन. उर्दूत 'ळ' नाही, म्हणून पटवारी ते 'माल' असं लिहायचा. यंत्रानं त्याचा अर्थ मालमत्ता असा लावला होता आणि एका माणसाची माळावरची जमीन त्याच्या घरातल्या सामानात जमा झाली होती. आकडे लिहायची जुनी पद्धत अशी आहे की ते आकडे वाटतच नाहीत, नुसते अक्षरांचे फराटे वाटतात. त्या फराट्यांची यंत्रानं माणसं केली होती. शेताचं क्षेत्र लिहिलंय तिथं कोणातरी साहेबाचं नाव.

पण सगळ्यात मोठी भीती मला एका वाळवी लागलेल्या कागदानं घातली. त्यात मधोमध रुपयाच्या नाण्याएवढं भोक होतं. चाचांनी तिथं 'कागद फाटलेला, मजकूर नाही' असं लिहवलं होतं. यंत्रानं त्या भोकातही वाचलं होतं. अख्खं वाक्य, व्याकरणात शुद्ध, मागच्यापुढच्या मजकुराशी जुळणारं. ते वाक्य कोणी कधी लिहिलेलंच नव्हतं. खाली माझी सही झाली असती आणि तो कागद कोर्टात गेला असता.

आम्ही कंपनीला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की तुमचे सगळे कागद आमच्याकडं चढवा, त्यावरून आमचं यंत्र हळूहळू शिकेल. कधी शिकेल ते सांगता येणार नाही, आणि एका तालुक्यासाठी वेगळं काही बनवणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. करारात असंही होतं की चढवलेले कागद आणि आम्ही दुरुस्त केलेलं वाचन त्यांना पुढं वापरता येईल. त्यात फसवाफसवी काही नव्हती, सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं.

मग एका रविवारी आम्ही तिघं ऑफिसात बसलो. विकत घ्यायचं, स्वतःचं बनवायचं, की काम बंद करायचं. मला वाटलं होतं भाची म्हणेल बनवू आणि चाचा म्हणतील नको. झालं उलटंच.

भाची म्हणाली, "मावशी, विकतच घे. बनवायला मी बनवीन, ते अवघड न्हाई. शून्यापासून करायचं नसतं. उर्दू वाचायला शिकलेलं एक मॉडेल फुकट मिळतं, त्याला फक्त आपल्याकडचं अक्षर शिकवायचं. पण बनवलेलं सांभाळावं लागतं. उद्या मी दुसऱ्या नोकरीत गेले, बाहेरगावी गेले, तर ते बंद पडल्यावर तू कोणाला फोन करशील? कंपनीला निदान फोन तरी करता येतो."

ती खरं बोलत होती आणि स्वतःविरुद्ध बोलत होती, म्हणून मला ते जास्तच पटलं. मी मनातून विकत घ्यायचं ठरवूनही टाकलं. छापील कागद यंत्र वाचेल, हातानं लिहिलेले चाचा जमतील तेवढे वाचतील, बाकी परत पाठवायचे.

 चाचांनी भाचीला विचारलं की ते फुकटचं मॉडेल शिकतं कसं. तिनं सांगितलं, एक ओळ दाखवायची आणि ती ओळ काय आहे ते बरोबर सांगायचं. मग दुसरी ओळ. अशा हजारो ओळी. चुकलं की पुन्हा.

"मारावं लागतं का?" त्यांनी विचारलं. भाची हसली. नाही म्हणाली.

"मग मी शिकवतो," चाचा म्हणाले. "दुसरं काय केलं मी जिंदगीभर? बारीक वाचायची मनाई आहे, तर तू मोठं करून दाखव. पण माझी एक शर्त आहे. ज्याला 'माहीत न्हाई' म्हणता येत न्हाई त्याला मी कधी वर्गात बसू दिलं न्हाई. यालाबी ते पहिलं शिकवायचं."

भाचीनं वर बघितलं. तिच्या मनात काहीतरी हललेलं मला दिसलं. ती म्हणाली की तसं करता येतं. प्रत्येक शब्दाबद्दल स्वतःची खात्री किती आहे हे यंत्र आतल्या आत मोजत असतंच, फक्त कंपन्या ते सहसा दाखवत नाहीत. आपण दाखवू. खात्री नसेल तो शब्द राखाडी. कागद फाटलेला असेल तिथं कोरं.

शेवटी ठरलं ते असं. छापील कागदांसाठी कंपनीचं सॉफ्टवेअर भाड्यानं घ्यायचं, कारण ते त्यात खरंच हुशार होतं. हाताच्या अक्षरासाठी आमचं आम्ही बनवायचं, आणि ते फक्त वाचेल, भाषांतर करणार नाही. भाचीनं स्वतःवर एक अट घालून घेतली. काय केलं, कसं केलं, ते सगळं ती वहीत साध्या भाषेत लिहून ठेवणार, म्हणजे ती नसली तरी दुसऱ्या कोणाला सुरुवात करता येईल.

दिवाळीनंतर शिकवणी सुरू झाली. भाचीनं एका मोठ्या टीव्हीला कॉम्प्युटर जोडला. कागदाच्या ओळी कापून एकेक ओळ भिंतीएवढी दिसायला लागली. चाचा समोर खुर्ची टाकून बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. मी अडखळत उर्दूतच लिहून घ्यायचे, भाची आठवड्यातून दोनदा येऊन ते यंत्राला द्यायची. एका बैठकीत सुरुवातीला वीस-पंचवीस ओळी व्हायच्या.

ते अक्षर एवढं मोठं चाचांनी आयुष्यात बघितलं नव्हतं. आम्हीही नाही. बोरूचा दाब कुठं वाढला, शाई कुठं संपत आली, कुठं पुन्हा दौतीत बुडवला, सगळं दिसायचं. हळूहळू चाचा लिहिणाऱ्यांना ओळखायला लागले. हा उतावळा, याला घरी जायची घाई असायची. हा नव्यानं लागलेला, वरिष्ठांच्या भीतीनं प्रत्येक नुक्ता देतो. याचा हात कापतो, पण पहिल्या पानापेक्षा शेवटच्या पानावर जास्त कापतो, म्हणजे उभ्या नोकरीत म्हातारा झाला. मी टाईप करता करता थांबायचे. ज्यांची नावं कुठंच राहिली नाहीत असे ते लोक आमच्या त्या एका खोलीत येऊन बसल्यासारखे वाटायचे.

यंत्राचं शिकणं मात्र रडत चाललं होतं. पहिल्या दीड महिन्यात त्याला कोणतीही ओळ दाखवली की ते 'वल्द वल्द वल्द' एवढंच म्हणायचं. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि तो शब्द कागदांत सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून त्यानं तेवढाच पाठ केला होता. भाची वैतागली. चाचांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. ते म्हणाले, पहिलीतली पोरं असंच करून राहतात.

उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी भाचीनं यंत्रानं कधी न बघितलेलं एक पान लावलं. चाचांनी सांगितलं, याचं उत्तर झाकून ठेव, आधी मी वाचतो. त्यांनी अख्खं पान वाचलं. नेहमीप्रमाणं चार-पाच ठिकाणी थांबले, मान तिरपी केली, एखादा शब्द दोनदा म्हटला. मी त्या ठिकाणी माझ्या हातातल्या झेरॉक्सवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली, उगाच, सवयीनं. मग भाचीनं झाकण काढलं.

ओळी बराबर होत्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच. मी मात्र ओळींकडं बघत नव्हते. मी राखाडी शब्द बघत होते. पानावर सहा राखाडी शब्द होते आणि माझ्या पेन्सिलीच्या खुणा पाच होत्या. पाचही खुणा राखाडी शब्दांवरच पडत होत्या.

मी कागद चाचांसमोर धरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बेटा," ते म्हणाले, "मी जिथं अडतो तिथंच हे अडून राहिलं."

 बाहेरून भाजीवाल्याचा भोंगा गेला. थांबण्याच्या जागा त्याला आम्ही कधीच सांगितल्या नव्हत्या. आम्ही फक्त ओळी दिल्या होत्या. चाचांचं वाचन त्याला कळलं असेल नसेल, मला माहीत नाही. भाची म्हणते कळणं वगैरे काही नसतं, आकडेमोड असते. असेल. पण एका माणसाच्या सत्तर वर्षांच्या नजरेतलं ते बारीक थबकणं त्या आकडेमोडीत उतरलं होतं.

त्यानंतर काम खरोखर सुरू झालं. यंत्र वाचून छापील अक्षरात देतं, चाचा फक्त राखाडी शब्द बघतात, मी भाषांतर करते. सगळं सुरळीत आहे असं नाही. हदगावकडच्या एका कारकुनाचं अक्षर त्याला अजून जमत नाही. फराट्यांचे आकडे त्याला मुळीच येत नाहीत. ते आम्ही कोरेच ठेवायला सांगितलेत. भाचीची नोकरी बदलली, काम वाढलं. पावसाळ्यात कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नवं चढलं आणि आमचं वाचन आठवडाभर बंद पडलं. तिनं सांगितलेली भीती काही खोटी नव्हती. वहीच्या पानांचे फोटो बघून भाचीच्या ओळखीच्या नांदेडच्या एका मुलीनं ते फोनवरून चालू करून दिलं.

त्याच सुमारास भाचीनं सुचवलं की जुनी कामंही यंत्रावरून एकदा फिरवू. आम्ही रोज थोडी थोडी फिरवायला लागलो. बहुतेक जागी यंत्र आणि चाचा एकच म्हणत. कुठं फरक पडला तर चूक यंत्राची निघे. एके दिवशी तशी निघाली नाही.

तो वारंगा फाट्याच्या पुढच्या एका गावाचा कागद होता. आम्ही त्याचं भाषांतर बऱ्याच वर्षांपूर्वी दिलं होतं. लिहिणारा कारकून 'वल्द' लिहीत नसे, 'बिन' लिहीत असे. अर्थ तोच, अमक्याचा मुलगा. शेत ज्याच्या नावावर होतं ते नावही असं की बाईचं असू शकतं आणि बाप्याचंही. चाचांनी तेव्हा वाचलं होतं, अमुक बिन तमुक. यंत्रानं 'बिन' हा शब्द राखाडी केला होता आणि पुढं दुसरं वाचन सुचवलं होतं, 'बिन्त'. बिन्त म्हणजे मुलगी.

भाचीनं तो शब्द टीव्हीवर मोठा केला. 'न'च्या पुढं शेवटी एक बारीक उचललेली रेघ होती. झेरॉक्सवर ती धूळ वाटावी अशी. चाचा खुर्चीतून उठले, पडद्यापाशी गेले आणि बोटानं ती रेघ खालून वर, लिहिणाऱ्यानं ओढली असेल तशी, ओढून बघितली. मग त्याच कारकुनाची दुसरी तीन पानं काढायला लावली. तिथल्या 'बिन'ला तशी रेघ नव्हती.

"माझं चुकलं," ते म्हणाले. "तुज्या सहीखाली माझं चुकलेलं आहे. त्या लोकांला बोलावून घे."

मी फोन लावला. दोन दिवसांनी त्या घरातली एक बाई आली, साठीच्या पुढची, गुडघे दुखत होते तरी एकटीच एसटीनं आलेली. आधीचं भाषांतर तिनं पिशवीत आणलं होतं. मी तिला काय झालं ते सगळं सांगितलं. चूक आमची, दुरुस्त प्रत आम्ही देऊ, आधीच्या प्रतीमुळं काही तकलीफ झाली असेल तर तेही सांगा, म्हटलं. तिचं माझ्या बोलण्याकडं ध्यान नव्हतं. तिनं विचारलं, मुलगी म्हणजे कोण? चाचांनी तिला नाव परत वाचून दाखवलं, बापाच्या नावासकट.

ती म्हणाली की त्या नावाचा पुरुष त्यांच्या घरात कधी कोणाला माहीतच नव्हता. घरातली माणसं इतकी वर्षं बुचकळ्यात होती. त्या नावाची एक बाई मात्र होती, तिच्या आजोबांची थोरली बहीण. तिनं एकटीनं शेत केलं, औत धरलं, असं बायका चुलीपाशी बोलायच्या. बाप्ये म्हणायचे, बायकांच्या गोष्टी आहेत त्या, बाईच्या नावावर कुठं शेत असतं का.

"म्हंजे खरं व्हतं ते," ती म्हणाली.

चाचांनी तिला टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसवलं. भाचीनं ती ओळ पुन्हा मोठी केली. त्या बाईला उर्दू येत नव्हतं, तरी ती बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिली. तिनं विचारलं, यातलं तिचं नाव कोणतं? चाचांनी बोटानं दाखवलं, उजवीकडून डावीकडं. मग तिनं भाचीला तेवढ्या नावाचा कागद मोठ्या अक्षरात काढून मागितला, उर्दूतलाच, जसा आहे तसा. तो गुंडाळून तिनं पदराखाली धरला आणि वारंग्याकडं जाणारी गाडी किती वाजता आहे ते विचारून ती निघाली.